बाराशे जागा, एक टेबल आणि १८० मिनिटं

रोजगार मेळाव्याच्या बॅनरवर सर्वांत ठळक काय असतं, तर आकडा. ‘१,२०० हून अधिक जागा, ४० नामांकित कंपन्या.’ संध्याकाळी हात हलवत परतणाऱ्यांचा निम्मा वैताग या आकड्यातच पेरलेला असतो. म्हणून आधी तो कसा तयार होतो ते बघू.

जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र (जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज’) मेळाव्याआधी कंपन्यांना पत्रं धाडतं, फोन करतं. कंपन्या रिक्त पदं कळवतात: ट्रेनी ऑपरेटर १००, वेल्डर १५, क्वालिटी इन्स्पेक्टर ५. आलेल्या सगळ्या ओळींची बेरीज म्हणजे बॅनरवरचा आकडा. त्यातले १०० ट्रेनी काही आजच्या आज नको असतात. ज्या कारखान्यातून दर महिन्याला पंधरा-वीस पोरं काम सोडून जातात, तिथला एचआर पुढच्या पाच-सहा महिन्यांची गरज एकदम लिहून देतो. तोच माणूस तोच कागद घेऊन पुढच्या आठवड्यात शेजारच्या जिल्ह्यात टेबल लावतो. एकाच कारखान्याला माणसं पुरवणाऱ्या दोन एजन्सी आल्या असतील, तर त्याच जागा दोघींच्या नावावर लागतात. यात खोटं कुणीच बोललेलं नसतं, पण बेरीज फुगते. आणि फुगलेली बेरीज व्यासपीठावर बरी दिसते, त्यामुळे ती कमी करायची घाई कुणालाच नसते.

आता यातून आपल्या वाट्याचं काय ते काढायचं. नुसता हिशेब समजावा म्हणून धरून चालू: १,२०० पैकी ५०० जागा एजन्सीमार्फत ट्रेनी ऑपरेटरच्या, २५० विमा-फायनान्सच्या विक्रीच्या, २०० सिक्युरिटी, हाउसकीपिंग आणि डिलिव्हरीच्या, १०० अप्रेंटिसच्या. उरल्या १५०. त्यातल्या बहुतेकांना फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट असा ट्रेड किंवा डिप्लोमा लागतो. बी.ए., बी.कॉम. झालेल्या आणि अनुभव नसलेल्या मुलामुलींसाठी बाराशेतल्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या राहतात, आणि त्याही बऱ्याचदा ‘ऑफिस असिस्टंट कम बॅक ऑफिस’ अशा धूसर नावाच्या. हे घरून निघण्याआधी कळलं तर एसटीचं तिकीट तरी वाचतं.

दुसरा एक गोंधळ नावाचा आहे. केंद्र सरकारचा ‘रोजगार मेळा’ २२ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला. तिथे आधीच परीक्षा देऊन निवडलेल्यांना नेमणूकपत्रं वाटतात. जिल्ह्याच्या ठिकाणी जो भरतो, बहुधा ‘पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावा’ या नावानं, तो खासगी नोकऱ्यांचा. टीव्हीवर पंतप्रधानांच्या हस्ते पत्रं वाटलेली बघून एखादे वडील मुलाला म्हणतात, ‘अरे, जा की मेळाव्याला, सरकारी मिळतेय.’ तिथे सरकारी काही मिळत नाही. सक्तीचंही काही नसतं. १९५९ च्या कायद्यानं २५ किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनांवर रिक्त जागा एक्स्चेंजला कळवण्याचं बंधन घातलं, भरती तिथूनच करण्याचं घातलं नाही. टेबलावरचा माणूस अर्ज घेतो म्हणजे तो नोकरी देणारच, असा अर्थ तेव्हापासून कधीच नव्हता.

नोंदणी महास्वयम पोर्टलवर होते, आणि ती निदान दोन दिवस आधी करायची. मेळाव्याच्या सकाळी एकाच शाळेच्या आवारात सातशे मोबाइल एका टॉवरवर लटकलेले असतात, ओटीपी येत नाही, आणि नोंदणीच्या टेबलापाशीच तासभर जातो. अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. आधारवर नाव-आडनावाचा क्रम उलटा आणि दहावीच्या मार्कशीटवर वेगळा. प्रोफाइलला जोडलेला मोबाइल नंबर तीन वर्षांपूर्वीचा, सिम कधीच बंद झालेलं. शिक्षणाच्या रकान्यात बारावीच भरून ठेवलेली आणि नंतरचा आयटीआयचा ट्रेड टाकायचा राहिलेला. हा शेवटचा घोळ सर्वांत महाग पडतो, कारण यादी छापून टेबलावर जाते तेव्हा तुमच्या नावापुढे ‘बारावी’ एवढंच असतं. पूर्वी नोंद असेल तर नवीन करू नका, जुनीच दुरुस्त करून घ्या.

मेळाव्याच्या पानावर कंपनीनिहाय पदांची यादी असते. तीन रकाने नीट वाचायचे: पात्रता, पगार, कामाचं ठिकाण. तिसरा रकाना लोक सोडून देतात. टेबल जालन्यात आणि नोकरी चाकणला, टेबल लातूरला आणि नोकरी रांजणगावला, हे नेहमीचंच. मराठवाडा-विदर्भातल्या मेळाव्यांत पुणे पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी माणसं गोळा करायलाच कितीतरी टेबलं लागतात. जायची तयारी असेल तर उत्तम. नसेल तर त्या रांगेत घालवलेला तास फुकट.

वेळेचा हिशेब

पत्रिकेवर वेळ सकाळी १० ची असते. उद्घाटक येतात, दीपप्रज्वलन होतं, सत्कार, प्रास्ताविक, तीन भाषणं. तोवर एचआरची मंडळी समोरच्या खुर्च्यांवर बसवलेली असतात, कारण भाषणाला रिकाम्या खुर्च्या चालत नाहीत. टेबलं खरी सुरू होतात ती बाराच्या सुमारास. दोनला जेवण. बाहेरगावहून गाडी करून आलेल्यांना अंधार पडायच्या आत निघायचं असतं, म्हणून साडेतीनला बॅनर गुंडाळायला सुरुवात. जेवण वगळून हाती राहतात साधारण १८० मिनिटं. टेबलावर दोघं बसले आणि प्रत्येकानं एकाला ४ मिनिटं दिली, तर दोघं मिळून ९० जणांशी बोलतात. रांगेत ४०० असतील तर उरलेल्या ३१० जणांचा फक्त बायोडेटा घेतला जातो. एचआरचं डोकं फिरलंय किंवा वशिला चाललाय असं रांगेतल्यांना वाटतं. खरं तर तिथं वेळच संपलेली असते.

यावर इलाज एकच: रांगेच्या पहिल्या पाचव्या हिश्शात असणं. नऊला पोहोचून टोकन किंवा सही उरकून घ्या. भाषणं चालू असताना मंडपात बसून राहू नका, टेबलांमधून एक फेरी मारा. मागे चिकटवलेल्या फ्लेक्सवर पद, संख्या, पात्रता लिहिलेली असते, तिचा फोटो काढा आणि तीन टेबलं नक्की करा. चार नकोत, होत नाहीत. पहिलं टेबल असं निवडा की जिथं तुमचा ट्रेड थेट मागितलाय. मोठ्या नावाच्या कंपनीची रांग सगळ्यांत आधी वाढते, पण तिथं ‘किमान दोन वर्षं अनुभव’ लिहिलं असेल तर फ्रेशरनं तिथं उभं राहून तिच्या नावाचं ओझं वाहण्यात अर्थ नाही. पदं ४ आणि अर्ज ३५० असलेल्या टेबलापेक्षा पदं ३० आणि रांगेत ४० माणसं असलेलं अनोळखी नावाचं टेबल बरं.

टेबलामागे कोण बसलंय

चाळीस ‘कंपन्यां’मध्ये चार वेगळ्या जातीची टेबलं मिसळलेली असतात आणि फ्लेक्सवरून ती ओळखू येत नाहीत.

पहिलं, कंपनीचं स्वतःचं. गळ्यातल्या ओळखपत्रावर कंपनीचंच नाव असतं, आणि एचआरशेजारी बरेचदा प्रॉडक्शन किंवा क्वालिटीचा माणूस असतो. तो शेजारी बसलेला दिसला तर समजावं की इथं निदान छाननी तरी होणार. तो दोनच प्रश्न विचारतो, पण कामाचे. व्हर्नियरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वांत लहान माप) किती? (नेहमीच्या व्हर्नियरचा ०.०२ मिमी, मायक्रोमीटरचा ०.०१ मिमी.) ड्रॉइंगवरचं टॉलरन्स कसं वाचतोस? इलेक्ट्रिशियनला मोटरची स्टार-डेल्टा जोडणी, वेल्डरला कोणत्या पोझिशनमध्ये वेल्डिंग केलंय ते. आयटीआयचं प्रमाणपत्र हातात असून इथे ततपप झालं की बायोडेटा दुसऱ्या गठ्ठ्यात जातो.

दुसरं, मनुष्यबळ पुरवणारी एजन्सी. फ्लेक्सवर कारखान्याचं नाव मोठं आणि एजन्सीचं खाली बारीक, किंवा नसतंच. एजन्सी म्हणजे फसवणूक असं मुळीच नाही. कितीतरी जणांची पहिली नोकरी अशीच लागते. पण नोकरी एजन्सीची असते, कारखान्याची नसते, आणि हे आधी माहीत असायला हवं. ‘परमनंट आहे का?’ असं विचारलं की ‘हो, परफॉर्मन्सवर’ हे उत्तर ठरलेलं. त्यापेक्षा विचारा, ‘पगाराची स्लिप कुणाच्या नावानं निघेल?’ या प्रश्नाला गोलमोल उत्तर देता येत नाही. लगेच दुसरा: ‘ॲग्रीमेंट किती महिन्यांचं?’ सहा किंवा सात महिने असं आलं, तर त्यामागे कामगार कायद्यातले २४० दिवस आहेत. वर्षभरात तेवढे दिवस भरले की सलग सेवेचे हक्क लागू होतात, म्हणून त्याआधी ‘ब्रेक’ दिला जातो. ब्रेक किती दिवसांचा, पुन्हा घेतात का, हेही तिथंच विचारून घ्यावं.

तिसरं टेबल विक्रीचं. इथं रांग नसते, उलट ते तुम्हाला हाक मारतात. ‘विमा सल्लागार’, ‘फायनान्शियल कन्सल्टंट’ असं पद लिहिलेलं असतं. विमा प्रतिनिधी ही नोकरी नसते. आधी आयसी-३८ ची परीक्षा द्यायची, मग जेवढ्या पॉलिस्या विकाल त्यावर कमिशन. पगार, पीएफ, सुट्टी काही नाही. विक्रीची पगारी नोकरीही असते, तेव्हा प्रश्न असा: ‘टार्गेट शून्य झालं त्या महिन्यात हातात किती येणार?’ मायक्रोफायनान्सच्या फील्ड ऑफिसरचं वेगळं. तिथं ठराविक पगार असतो, पण स्वतःची दुचाकी आणि लायसन्स लागतं, पेट्रोलचा भत्ता किलोमीटरवर, मुक्काम शाखेतच, आणि कामात कर्जवाटपापेक्षा हप्ते गोळा करणं जास्त. ज्याला दारोदार वसुली जमणार नाही त्यानं आधीच नको म्हणावं.

चौथं, क्लासवाले. ‘ट्रेनिंग विथ प्लेसमेंट’. यांना नोकरी द्यायची नसते, प्रवेश द्यायचा असतो. रोजगार मेळाव्यात यांना जागा का देतात हे कोडंच आहे, पण चाळीसचा आकडा भरायला ही टेबलं उपयोगी पडतात.

याशिवाय पदाच्या नावात ‘ट्रेनी’ आला की थांबून विचारायचं, कोणता ट्रेनी? १९६१ च्या अप्रेंटिसेस ॲक्टखालचा शिकाऊ उमेदवार असेल तर त्याला पगार नसतो, विद्यावेतन असतं. २०१९ च्या नियमांत त्याची किमान पायरी ५,००० पासून पदवीधरासाठी ९,००० पर्यंत होती, आयटीआयवाल्यासाठी ७,०००. कंपन्या यापेक्षा जास्त देऊ शकतात आणि बऱ्याच देतात. पीएफ आणि ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) अशा शिकाऊ उमेदवाराला लागू होत नाही. म्हणून आकडा लहान दिसला तरी कापाकापी नसते. शेवटी परीक्षा होऊन जे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं, त्याला पुढच्या भरतीत वजन असतं. अट एवढीच की करार अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नोंदलेला हवा. नोंद नसेल तर तुम्ही अप्रेंटिस नाही, नुसते स्वस्तातले कामगार.

मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेच्या जागाही काही मेळाव्यांत दाखवल्या जातात. २०२४ ला सुरू झालेल्या या योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० असं विद्यावेतन ठरलं. मुदत ६ महिने, पुढे ५ महिने वाढवली. शासकीय कार्यालयात खुर्ची मिळाली म्हणून सरकारी नोकरी लागली असं गावभर सांगू नये. मुदत संपली की काम संपतं.

पॅकेज म्हणजे किती

टेबलावर पगार सांगतात तो सीटीसी, म्हणजे तुमच्यावर होणारा कंपनीचा एकूण खर्च. ‘अडीच लाखांच्या आसपास पॅकेज.’ ऐकणारा बाराने भागून २०,००० धरतो आणि घरी तसं सांगून मोकळा होतो. एक नमुना करून बघू. मूळ पगार आणि डीए मिळून १३,०००, घरभाडे भत्ता ३,५००, म्हणजे ग्रॉस १६,५००. यावर कंपनी आपल्या बाजूचं धरते: पीएफ १२ टक्क्यांनी १,५६०, ईएसआयसी ३.२५ टक्क्यांनी ५३७, ग्रॅच्युइटी मूळ पगाराच्या ४.८१ टक्क्यांनी ६२५, बोनस ८.३३ टक्क्यांनी १,०८३. बेरीज २०,३०५, वर्षाचे २ लाख ४३ हजार ६६०. हे झालं पॅकेज.

आता हातात येणारा. ग्रॉस १६,५०० मधून तुमचा पीएफ १,५६०, ईएसआयसी ०.७५ टक्क्यांनी १२४, व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). राहिले १४,६१६. महिलांना दरमहा २५,००० पर्यंत महाराष्ट्रात व्यवसाय कर नाही, म्हणून त्यांचे १४,८१६. बोनस दिवाळीला येतो, ग्रॅच्युइटी साधारणपणे सलग पाच वर्षं टिकलात तर. पीएफ कुठं जात नाही, पण त्यातून खोलीचं भाडंही देता येत नाही. यानंतर कॅन्टीन आणि बसचे पैसे कापले जात असतील तर ते वेगळे. म्हणून टेबलावर विचारायचं ते एवढंच: ‘सगळं कापून बँकेत किती जमा होतील? कॅन्टीन-बस धरून की सोडून?’ आणि सांगितलेल्या आकड्यात ओव्हरटाइम धरलाय का ते. ‘१८,००० पडतात’ म्हणणारा पुष्कळदा रोज चार तास ओटी धरून बोलत असतो. ‘ओटी सिंगल की डबल?’ हा शॉपफ्लोअरवरचा प्रश्न तिथंही विचारावा. कायद्यात दर दुप्पट आहे.

बाहेरगावी जायचं असेल तर पहिल्या ४० दिवसांचे पैसे खिशात हवेत. १ तारखेला रुजू झालात तर पगार पुढच्या महिन्याच्या ७ ते १० तारखेला. हजेरीचा कट-ऑफ २५ ला असेल आणि तुम्ही २० तारखेला लागलात, तर पहिला पगार येतो पाच-सहा दिवसांचा. तोवर कॉट बेसिसचं (खोलीतल्या एका खाटेचं) भाडं, डिपॉझिट, मेसचा डबा, सेफ्टी शूज. नोकरी मिळून महिन्याच्या आत परत येणारी मुलं आळशी असतात असं गावात म्हणतात. पुष्कळांचे पैसे पगाराच्या आधी संपलेले असतात.

बायोडेटाचं पुढं काय होतं ते माहीत असेल तर तो कसा लिहायचा हे आपोआप कळतं. गोळा झालेला गठ्ठा दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणीतरी एक्सेलमध्ये चढवतो: नाव, मोबाइल, शिक्षण, पास झालेलं वर्ष, गाव, पद. बाकी काहीच चढत नाही. म्हणून या सहा गोष्टी पहिल्या पानाच्या वरच्या एक तृतीयांश भागात ठळक हव्यात. ‘माय ऑब्जेक्टिव्ह’चा परिच्छेद, आईवडिलांची नावं, छंद, ‘वरील माहिती खरी आहे’ ही शपथ, सगळं काढून टाकलं तरी चालतं. त्या जागी काम लिहा. सीएनसी मशीन चालवलं असेल तर कंट्रोल कोणता, फानुक की सीमेन्स. मापनाची साधनं कोणती हाताळली. कॉमर्सवाल्यांनी ‘टॅली येतं’ एवढ्यावर न थांबता परचेस-सेल्सच्या एंट्री, बँक रिकन्सिलिएशन, जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं यांपैकी जे खरंच केलंय ते लिहावं. पान एकच. झेरॉक्स १०, काळ्या-पांढऱ्या चालतात. वरच्या उजव्या कोपऱ्यात पेननं पदाचं नाव आणि ‘चाकणला येण्यास तयार’ असं काही असेल ते लिहून मगच टेबलावर ठेवा. गठ्ठे पदानुसार लावताना हा कोपराच बघितला जातो. मोबाइल नंबर दोन द्या, त्यातला एक घरच्यांचा, जे फोन उचलतात त्यांचा. दोनदा रिंग जाऊन उचलला नाही तर फोन करणारा पुढच्या ओळीवर सरकतो. त्याच्यापुढे चारशे ओळी असतात.

पास झालेलं वर्ष यासाठी महत्त्वाचं की ट्रेनीच्या जागांना बऱ्याचदा ठराविक वर्षांतले उमेदवार आणि वयाची अट असते, आणि ती फ्लेक्सवर लिहिलेली नसते. ‘२०२१ पास चालेल का?’ हे रांगेत शिरण्याआधी बाजूला उभ्या असलेल्या स्वयंसेवकामार्फत विचारून घ्यावं. दुसरी न लिहिलेली अट म्हणजे ‘मेल ओन्ली’. कायद्यानं १९७६ पासून भरतीतल्या भेदभावाला मनाई आहे, तरी मुली टेबलापाशी पोहोचल्यावर ‘नाइट शिफ्ट आहे, बस नाही’ असं ऐकून परततात. फेरी मारतानाच विचारलं तर निदान रांग वाचते.

कागदपत्रांमध्ये मूळ प्रतींची फाइल दाखवायला, झेरॉक्स द्यायला. मूळ प्रत कुणाकडेही ठेवायची नाही, कंपनी कितीही मोठी असो. आधारची प्रत मास्क्ड द्यावी, म्हणजे शेवटचे चारच अंक दिसणारी, आणि तीवर ‘फक्त अमुक कंपनीच्या नोकरीच्या अर्जासाठी’ असं लिहून तारीख टाकावी. पासबुकाची प्रत रुजू होताना लागते, मेळाव्यात नाही. आधी कुठं दोन महिने जरी काम केलं असेल आणि पीएफ कापला गेला असेल, तर तुमचा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) आहेच. नवा काढू देऊ नका. जुन्या ठिकाणानं ‘डेट ऑफ एक्झिट’ भरलेली नसली की पुढचं सगळं अडतं. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाले की ती तारीख आपली आपल्याला पोर्टलवर भरता येते, हे एजन्सीतून सुटलेल्या बहुतेक पोरांना कुणी सांगतच नाही.

बातमीतली ‘निवड’

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘मेळाव्यात ३५० जणांची निवड’ असा मथळा येतो. हा आकडा प्राथमिक निवडीचा असतो, म्हणजे टेबलावर नावापुढे टिक पडलेल्यांचा. पुढे कंपनीत मुलाखत किंवा लेखी चाचणी, मग मेडिकल, मग कागदपत्रांची तपासणी, मग रुजू. प्रत्येक पायरीला माणसं गळतात, काही कंपनीनं गाळलेली आणि काही स्वतःहून न गेलेली, कारण मुलाखतीला दोनशे किलोमीटर स्वखर्चानं जायचं असतं. टेबलावर एकापेक्षा जास्त ठिकाणी टिक पडलेला मुलगा बेरजेत दोनदाही मोजला जातो. व्यासपीठावर जे पत्र हातात देऊन फोटो काढतात, ते वाचून बघा. त्यावर रुजू व्हायची तारीख, पगार आणि ठिकाण नसेल तर ते इराद्याचं पत्र, नेमणुकीचं नाही. त्याच्या जोरावर हातातली नोकरी सोडू नये.

मेडिकलमध्ये अनपेक्षित फटका बसतो तो रंगांधळेपणाचा. ठिपक्यांच्या वर्तुळातला आकडा वाचायला लावतात, ती इशिहारा चाचणी. इलेक्ट्रिशियन, पेंट शॉप, क्वालिटी या कामांना ती पास व्हावी लागते, आणि कित्येकांना आपल्याला लाल-हिरवा नीट कळत नाही हे तिथंच पहिल्यांदा समजतं. नेत्रतज्ज्ञाकडे एकदा तपासून घेतलं तर ट्रेड निवडतानाच उपयोग होतो.

मेळाव्यानंतरच्या आठवड्यात आणखी एक प्रकार सुरू होतो. तुमचा नंबर आता कितीतरी हातांत गेलेला आहे. ‘तुमचं सिलेक्शन झालंय, गेट पाससाठी १,८५० रुपये भरा’, ‘युनिफॉर्मचं डिपॉझिट क्यूआरवर टाका’ असे फोन येतात. रुजू होण्याआधी पैसे मागणारा कुणीही असो, फोन ठेवा. मेळाव्याच्या नोंदणीलाही शुल्क नसतं. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर तक्रार करा, जितका उशीर तितकं रक्कम थांबवून परत मिळवणं अवघड.

खरा फोन कधी येतो? बहुधा पहिल्या आठ-दहा दिवसांत, ऑफिसच्या वेळेत, अनोळखी नंबरवरून. तेवढे दिवस अनोळखी नंबर ब्लॉक करणारं ॲप बंद ठेवा. मेळाव्याच्या दिवशीच एका वहीत प्रत्येक टेबलाची ओळ लिहून ठेवा: कंपनी, बोललेल्या माणसाचा नंबर, सांगितलेला इन-हँड, ठिकाण. तिसऱ्या दिवशी एक छोटा मेसेज, नाव-पद-ट्रेडसह. आठव्या दिवशी एक फोन. त्यानंतर त्या ओळीवर काट मारायची.

आणि तुमचा ट्रेड फिटर, वेल्डर किंवा टर्नर असेल आणि तुम्ही वाळूज, सातपूर, कुपवाड, बुटीबोरी अशा एमआयडीसीपासून तासाभराच्या अंतरावर राहत असाल, तर मेळाव्याच्या आदल्या सोमवारी सकाळी आठला तिकडे एक चक्कर मारून बघा. लहान कारखान्यांच्या गेटवर खडूनं लिहिलेले ‘पाहिजेत’चे बोर्ड असतात. त्यातले बरेचसे कारखाने मेळाव्यात येतच नाहीत, कारण दोन माणसांसाठी दिवसभर टेबल लावून बसायला त्यांच्याकडे एचआर नसतो. तिथं मालक किंवा सुपरवायझर थेट मशिनवर उभं करतो, जॉब काढून, म्हणजे एखादा भाग बनवून, दाखवायला सांगतो, आणि अर्ध्या तासात हो की नाही ते सांगतो.